पहिलं रीळ: आठवणीत किती, डब्यात किती

३ नोव्हेंबर २०२४, पुणे

भाऊबीज. ताई नाशिकहून आली आहे. जेवणं आटोपल्यावर विषय निघाला आणि माळ्यावरचे तीन डबे खाली उतरवले. सोळा एमएमचा ‘संत तुकाराम’, माझी पहिली फीचर फिल्म. १९८७ साली मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, अकराशे रुपयांना घेतली. महिनाभराचा पगार त्याहून फार मोठा नव्हता.

तुकाराम घ्यायला मी गेलोच नव्हतो. मला मारामारीचा कुठलाही हिंदी सिनेमा चालला असता. पण दुकानदाराकडे मारामारीच्या एका सिनेमाचं पहिलं रीळ होतं, दुसऱ्याचं शेवटचं. तिन्ही रिळं एका जागी असलेला एकटा तुकाराम होता. व्हिडिओ घरोघरी गेल्यावर गणपतीत, जत्रेत, कारखान्यांच्या वसाहतीत भाड्याने फिरणाऱ्या प्रिंटना कुणी विचारेना. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र असतं ते चांदीचं, त्यामुळे न विकलेला माल चांदी धुऊन काढणाऱ्यांकडे जायचा. त्या रांगेतून आमचे तुकोबा बाहेर काढले, एवढंच म्हणता येईल.

ताईने लगेच घरची गोष्ट सुरू केली. वाड्यातली मधली खोली, भिंतीला लावलेली चादर, “अख्खी भिंत भरून चित्र”, आणि शेवटी पुष्पक विमान आलं तशी आई हात जोडून उभी राहिली ती. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक लग्नकार्यात सांगितली जाते. मीही सांगतो.

रात्री मनात आलं, ओळखीच्या संग्राहकांकडे जाऊन प्रत्येकाची पहिली फिल्म नोंदवावी. आमची पिढी सत्तरीकडे निघाली, काही तर निघूनही गेले.

१० नोव्हेंबर

पद्धत ठरवली. एक रजिस्टर, प्रत्येक पानावर दोन रकाने: आठवण आणि डबा. आधी माणसाने सांगायचं, मी लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं. त्यानंतरच डबा उघडायचा. उलट केलं तर डबा बघून आठवण दुरुस्त होते, हा अनुभव आहे.

डब्याच्या रकान्यात काय लिहायचं तेही पक्कं केलं. सोळा एमएमच्या एका फुटात ४० चौकटी, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ३६ फूट. १६०० फुटी स्पूल असेल तर पाऊण तासाला थोडं कमी. त्यामुळे रिवाइंडरवर फुटांचा मीटर लावून फिल्म एकदा हाताने फिरवली की सिनेमा किती मिनिटांचा उरलाय ते मशीन न लावता कळतं.

तुकारामची लांबी सगळीकडे १३१ मिनिटं छापलेली असते. गुणिले ३६, म्हणजे ४७१६ फूट. माझ्याकडे किती आहेत ते मी आजवर मोजलेलं नाही. विचारलं की “पूर्ण आहे” म्हणायचं, एवढीच सवय. आता माझंही पान नियमाप्रमाणे आधी डाव्या बाजूने भरलं: विमान, आई उठली, अख्खी भिंत.

२४ नोव्हेंबर

पहिला डबा उघडला. आंबूस वास आहे, पण नाक जवळ नेल्यावरच. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की व्हिनेगरसारखा वास येतो आणि एकदा सुरू झालं की थांबत नाही. गार आणि कोरड्या जागी ठेवून वेग तेवढा कमी करता येतो. आपला माळा पत्र्याच्या खाली. अडतीस उन्हाळे काढले बिचाऱ्याने.

आकसली किती ते पाहिलं. दोन भोकांमधलं अंतर ७.६२ मि.मी., म्हणजे शंभर भोकांना ७६२ मि.मी. भरायला हवं. टेबलाला स्टीलची पट्टी चिकटवून तीन ठिकाणी मोजलं. ७५७, ७५८, ७५७. पाऊण टक्क्याच्या आत. एक टक्क्याच्या पुढे गेलं की मशीनचे दात भोकं फाडत सुटतात. म्हणजे चालवता येईल, पण फार वेळा नाही.

मशीन मात्र रुसलंय. बेल अँड हॉवेल, ११० व्होल्टचं. सोबतचा ट्रान्सफॉर्मर पूर्वीसारखाच गुणगुणतो, पण आतल्या रबरी पट्ट्याचा काकवीसारखा चिकट लगदा झाला होता. तो खरवडण्यात दुपार गेली. बोटांचा काळा रंग अजून निघालेला नाही.

२५ नोव्हेंबर

रिवाइंडरला शिलाई मशीनचा पट्टा बसतो. मशीनला बसत नाही.

८ डिसेंबर, मिरज

काकांकडे. यांचं घराणं तंतुवाद्यांचं. ओसरीवर भोपळे वाळत घातलेले, आतल्या खोलीत तंबोरे, त्याच्याही आत प्रोजेक्टर. पहिली फिल्म चॅप्लिनची, ‘द गोल्ड रश’. एका शाळेने मोडीत काढलेलं मशीन आणि त्याच्यासोबत ही दोन रिळं, असा एकच सौदा.

डावा रकाना काकांच्या शब्दांत: “मूकपट. घरात दिवसभर तारा लावायचं काम, कानाचा पार भुगा. रात्री हे लावायचं आणि बसायचं गप. पण पोरांना कळायचं नाही, मग मी गोष्ट सांगायचो. चॅप्लिनला आमच्यात बापू म्हणायचे. बापू उपाशी आहे, बापूनं वहाण उकडली, आता लाव म्हणावं तिखटमीठ.”

“मधे पाट्या येत असतील ना काका, इंग्रजी? त्या वाचून सांगायचात?”

“पाट्या नव्हत्या. म्हणून तर मी सांगायचो.”

इथे माझी पेन्सिल थांबली. मूकपट आणि पाट्या नाहीत? १९२५च्या चित्रपटात पाट्या भरपूर आहेत. डबा उघडला, हातभर फिल्म सोडून खिडकीच्या उजेडात धरली. भोकं एकाच बाजूला. दुसऱ्या काठावरून एक बारीक, नागमोडी, दाढीच्या ब्रशसारखी कापलेली पांढरी रेघ खालपर्यंत गेलेली. साउंडट्रॅक.

“काका, ही बोलकी आहे.”

ते हसले. मग हसायचे थांबले.

चॅप्लिनने १९४२ साली हाच चित्रपट पुन्हा बाजारात आणला तेव्हा पाट्या काढून टाकल्या, संगीत घातलं आणि निवेदन स्वतःच्या आवाजात केलं. काकांकडे ती आवृत्ती आहे. त्यांच्या मशीनचा एक्सायटर दिवा, म्हणजे साउंडट्रॅकमधून उजेड पाडून आवाज काढणारा तो बोटाएवढा दिवा, शाळेतून आणला तेव्हापासून गेलेला. मूकपट म्हणून घेतला, मूकच चालवला, आवाज नाही याची तक्रार कोण करणार? आणि पडद्यामागे चॅप्लिन जी गोष्ट सांगत होता तीच इकडे काका सांगत होते, इतकी वर्षं, एकमेकांना पत्ता न लागता.

मीटर: २५७० फूट. ७२ मिनिटांची आवृत्ती, म्हणजे २५९२ हवेत. बावीस फुटांचाच फरक. आजवर मोजलेल्यात सगळ्यात धडधाकट प्रिंट आणि मालकाला त्यातलं अर्धंच ठाऊक.

४ व्होल्ट, पाऊण अँपिअरचा दिवा माझ्याकडे एक जादा आहे, पण पुण्यात. पुन्हा यावं लागणार. काकू म्हणाल्या, या, पण थंडी सरायच्या आत या.

९ डिसेंबर, सांगली

मिरजेहून परतताना इथले एक निवृत्त कंपाउंडर. पहिली फिल्म कुठली ते त्यांनी सांगितलं, पण लिहू नका म्हणाले. डबे २०१९च्या ऑगस्टमध्ये पाण्याखाली होते. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तो पूर. पाणी उतरल्यावर त्यांनी डबे उघडून रिळं गच्चीवर उन्हात ठेवली. कुणीही तेच केलं असतं. पण भिजलेली फिल्म वाळू द्यायची नसते, स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवून ओलीच धुवायची असते. वाळली की जिलेटिन गोंदासारखं धरतं. रिळाचा आता लाकडी पाट झालाय. बोटाने वाजवला तर तसाच वाजतो.

उजव्या रकान्यात काय लिहू विचारलं. म्हणाले, “लिहा ५७ फूट.”

२९ डिसेंबर, दादर

डॉक्टर. यांचं सुपर आठ, म्हणजे घरगुती वापराची आठ एमएमची फिल्म. विलायतेतल्या मामाने पाठवलेलं. डावा रकाना: अख्खा सिनेमा, दोन तासांचा, रविवारी रात्री इमारतीतली सगळी मुलं जमायची, झोपायला बारा वाजायचे. उजवा रकाना: २०० फुटांचं एक स्पूल. सुपर आठच्या एका फुटात ७२ चौकटी, म्हणजे हे दहा मिनिटांचं काम झालं. त्या काळी तिकडे फीचरचे असे काटछाट केलेले तुकडे घरगुती गिऱ्हाइकासाठी विकत. डडलीच्या डेरॅन कंपनीसारख्यांकडे पूर्ण लांबीचेही मिळायचे, पण ते चारपाच रिळांचे, आणि मामांची ऐपत एका रिळाची.

डॉक्टर मानायला तयार नाहीत. बाकीची रिळं हरवली असणार म्हणाले. मग मी त्यांना ते स्पूल पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवलं: सुरुवातीला नाव, शेवटी ‘दि एंड’, मधे जोड नाही. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “आम्ही परत परत लावायचो हो. उलटंही लावायचो.” दोन तासांचा हिशोब लागला. दहा मिनिटांचा सिनेमा बारा वेळा.

निघताना दारापर्यंत आले. “तरी मधे एक रीळ असणार,” म्हणाले.

१९ जानेवारी २०२५, मिरज

दिवा बसला. काकांच्या मशीनला जागा बरोबर, उजेड थोडा वरखाली करून घ्यावा लागला. आधी नुसता दिवा लावून त्याच्यासमोर पोस्टकार्ड हलवलं, स्पीकरमधून धपधप आली. मग फिल्म लावली.

घरची सगळी जमली होती, कारागीरसुद्धा. सुरुवातीला खरखर, त्यातून वाद्यमेळ आणि मग तो आवाज. जरा घाईत बोलणारा, गोष्ट रंगवून सांगणारा. नायकाला तो ‘छोटा गडी’ अशा अर्थाचं काही म्हणतो. काकांना इंग्रजी फार येत नाही. मान तिरकी करून ऐकत होते, तंबोरा जुळतोय की नाही ते ऐकावं तसे.

बूट उकडण्याचा प्रसंग आला. हा बूट ज्येष्ठमधाचा केलेला होता हे मी सांगणार होतो, पण काकांचा मोठा मुलगा, पन्नाशीचा, एकदम मोठ्याने म्हणाला, “बाबा, आवाज बंद करा. तुम्ही सांगा.”

काकांनी बटण फिरवलं. “बापूनं वहाण उकडली,” म्हणाले. पोरांनी पुढचं वाक्य म्हटलं.

रजिस्टरमध्ये हे कुठल्या रकान्यात घालायचं ते ठरत नाही. मधल्या रेघेवर लिहिलंय.

२ फेब्रुवारी

अडीच महिने टाळलेलं काम. तुकारामची तिन्ही रिळं मोजली. १५६०, १५९०, १२१५. बेरीज ४३६५ फूट. ३५१ फूट कमी, म्हणजे पावणेदहा मिनिटं.

थोडं जाणारच. फिल्म तुटली की ऑपरेटर दोन्हीकडचे चारसहा इंच कापून जोडतो. जत्रेत फिरलेल्या प्रिंटला असे शेकडो जोड. रिळाची सुरुवात आणि शेवट सगळ्यात जास्त खातात, कारण हात तिथेच लागतात आणि ओरखड्यांचा पाऊसही तिथेच पडतो. मी बोटाच्या पेराने काठ चाचपत ८७ जोड मोजले. त्यातले सहा माझे: चिकटपट्टीचे, पिवळे पडलेले, कडेने गोंद सुटलेले. मला सोल्युशनने, म्हणजे फिल्म विरघळवून चिकटवणाऱ्या द्रावाने, जोडता यायचं नाही, खरवडायचं यंत्रही नव्हतं. बाकीचे ८१ सगळे सोल्युशनचे, म्हणजे माझ्या आधीचे.

मग तिसऱ्या रिळाचं शेपूट. भिंग घेऊन टेबलावरच्या दिव्यासमोर बसलो. आवली चूल सोडून येत नाही तो भाग आहे. भजन आहे. भजनातली माणसं माना वर करतात. आणि जोड. त्याच्यापुढे चार फूट काळी फिल्म, मग ‘समाप्त’, तेसुद्धा निराळ्या वळणाच्या अक्षरात, दुसऱ्याच कुठल्या तरी सिनेमाचं. काळ्या फिल्मवर सुईने कोरलेलं: पुसेगाव. शेवटचे.

विमान नाही.

पहिल्यांदा वाटलं, माझ्याच हातून कधीतरी तुटलं असेल आणि विसरलो असेन. पण जोड सोल्युशनचा आहे, सफाईदार, चौकटीच्या रेघेवर अचूक. आणि जोडाच्या अलीकडे चित्र स्वच्छ आहे. शेपूट झिजून गेलं असतं तर शेवटच्या पन्नास फुटांत पाऊस वाढत गेला असता. हे झिजलेलं नाही, कापलेलं आहे, आणि प्रिंट नवी असतानाच. माझा अंदाज असा की कुणा तंबूवाल्याला दुसऱ्या एखाद्या देवाच्या सिनेमात जोडायला विमान हवं होतं. जत्रेत चमत्काराला गर्दी होते. कोण कुठल्या विमानातून वैकुंठाला गेलं हे पुसेगावच्या माळावर रात्री दोन वाजता कोण तपासणार?

म्हणजे १९८७ साली आमच्या मधल्या खोलीत विमान आलंच नव्हतं.

संध्याकाळी आणखी एक लक्षात आलं, ते लिहून ठेवतो. सोळा एमएममध्ये चित्राचा आवाज चित्राच्या शेजारी नसतो. चित्र गेटमध्ये, म्हणजे भिंगामागच्या खिडकीत, थांबत थांबत जातं, आवाजाला मात्र सलग वेग लागतो, म्हणून आवाज वाचायची जागा गेटच्या पुढे असते आणि प्रत्येक चित्राचा आवाज २६ चौकटी आधी छापलेला असतो. त्या कापणाऱ्याने कात्री चित्र बघून चालवली. त्यामुळे जोडाच्या अलीकडच्या शेवटच्या २६ चौकटींच्या काठावर जो आवाज आहे तो या माणसांचा नाही. पुढच्या, कापून नेलेल्या चित्राचा आहे. २६ भागिले २४. एक सेकंदाहून किंचित जास्त.

विमानाचा एक सेकंद आपल्याकडे आहे.

३ फेब्रुवारी

ताईला फोन.

“विमान नाहीये रिळात.”

“नंतर तुटलं असेल.”

“आपण घ्यायच्या आधीच कापलंय. जोड माझा नाही.”

“अरे मी पाह्यलंय.”

“टीव्हीवर पाह्यलंस. खालच्या बिऱ्हाडात, शनिवारच्या मराठी सिनेमात. मीही तिथेच पाह्यलं असणार.”

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग आई कशाला उठली?”

“तू तिच्या शेजारी होतीस.”

“थांब.” पलीकडे कुकरची शिट्टी. “दूध. गॅसवर दूध होतं रे. करपल्याचा वास आला तशी ती उठली.”

“आणि हात जोडले ते?”

“पदराला पुसत असेल. ती उठली की हात पुसायचीच.”

मला हे पटलं नाही. दूध हेही तिला आत्ताच सुचलं नसेल कशावरून? पण फोन ठेवल्यावर एवढं मात्र आठवलं की त्या रात्री चहा बिनदुधाचा झाला होता. किंवा आता आठवतंय असं वाटतंय. माझ्याच पद्धतीप्रमाणे, डबा उघडल्यानंतरची आठवण नोंदवायची नाही.

भिंतीचंही गणित करून टाकलं. माझ्या मशीनचं भिंग ५० मि.मी.चं, गेटची रुंदी साडेनऊ मि.मी.च्या आसपास, खोली पंधरा फूट. चित्र जेमतेम तीन फूट रुंद. अख्खी भिंत म्हणे!

२३ फेब्रुवारी

तुकाराम बीज १६ मार्चला, रविवार. वाड्याच्या जागी झालेल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दाखवायचं ठरवलं. चित्रपट १९३६चा, कायद्याची साठ वर्षांची मुदत कधीच सरली, तेव्हा परवानगीचा घोळ नाही. आणि प्रभातचा स्टुडिओ, जिथे हे चित्रित झालं, इथून चालत अर्ध्या तासावर. तिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

मशीनचा पट्टा शेवटी एका मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळाला. फिल्म आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या मखमलीतून ओढून पुसली. फडकं आठ वेळा बदललं. पहिलं चहासारखं तपकिरी निघालं. पुसेगावची धूळ म्हणायला हरकत नाही. माझे सहाही जोड काढून नवे केले, त्यात पुन्हा नऊ चौकटी गेल्या.

भाच्याचा मुलगा म्हणाला, “आजोबा, शेवट यूट्यूबवरून लावू की. लॅपटॉप आणतो.” नको म्हटलं. का ते नीट सांगता आलं नाही. एरवी कुणीही, कधीही, पूर्ण तुकाराम पाहू शकतो. पण हा पूर्ण नाही, आणि एवढा एकच इथे आहे.

१६ मार्च

माणसं बावीस. ताई सकाळीच आली. भिंग या वेळी तेच, अंतर तीस फूट, म्हणजे चित्र सहा फुटांच्या जवळ. दिवा ७५० वॅटचा, माझ्याकडच्यांतला शेवटून दुसरा.

पहिलं रीळ ठीक. साळोमालो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवतो तिथे मुलं चिडली, हे बघून बरं वाटलं. दुसऱ्या रिळात आकसलेल्या भागात लूप, म्हणजे गेटपाशी सोडलेला फिल्मचा ढिला वळसा, सुटला आणि चित्र खालीवर धावायला लागलं. मशीन थांबवून पुन्हा घातली, चौदा चौकटींची भोकं गेली. तुकोबा झालेल्या पागनीसांचा आवाज त्या स्पीकरमधून अजून कसा येतो हे मला कळत नाही. निम्मी खरखर, पण शब्द न् शब्द कळतो. आवली चप्पल घेऊन विठोबाकडे निघाली तेव्हा मागून तीनचार बायकांनी हसून साथ दिली.

तिसऱ्या रिळाच्या शेवटाला मी मशीनजवळून हललो नाही. भजन. माना वर झाल्या. चित्र गेलं, पडदा काळा, आणि त्या काळोखात गजराचा एक तुकडा. एक सेकंद. मोजून एक. मग परक्या अक्षरातलं ‘समाप्त’.

ताईने दिवे लावले.

खुर्च्या आवरताना दुसऱ्या मजल्यावरच्या आजी चपला शोधत होत्या. माझ्याजवळ थांबून म्हणाल्या, “छान झालं हो. आणि ते विमान! त्या काळात, काही साधनं नसताना, किती खरं दाखवलंय.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “हो ना आजी.”

१८ मार्च

रिळं नव्या, भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यांत भरली. माळा बंद. आता कपाटाचा सगळ्यात खालचा खण. एकूण ४३६४ फूट.

रजिस्टरचं माझं पान आज नीट वाचलं. डावीकडे माझ्या अक्षरात: विमान, आई उठली, अख्खी भिंत. उजवीकडे: विमान नाही, तीन फूट. डावीकडच्या ‘आई उठली’च्या खाली ताईने जाण्याआधी पेनने लिहून ठेवलंय: दूध. आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

सोलापूरहून एका गृहस्थांचा फोन होता. १९८३ साली घेतलेली पहिली फिल्म, चार रिळं. पूर्ण आहे म्हणाले, एक फूटसुद्धा कमी नाही. शनिवारी जातोय. मीटर आणि जादा एक्सायटर दिवा सोबत घ्यायचा.